नूतनीकरण होऊनही बाग ओस का पडते? उद्यान, क्रीडा आणि सांस्कृतिक विभागाकडून नेमकं काय मागावं

तुमचा प्रश्न मी समजून घेतला तो असा. घराजवळच्या बागेचं नूतनीकरण झालं, वर्षभरात खेळणी मोडली आणि बाग पुन्हा ओस पडली. सुट्टीतल्या शिबिराचे अर्ज सुरू झाले आणि काही मिनिटांत जागा संपल्या, तुमच्या मुलांना प्रवेश मिळाला नाही. तुमच्या हौशी नाट्यगटाला तालमीसाठी पालिकेच्या सभागृहाची तारीख मिळत नाही. आणि अंदाजपत्रकात मात्र उद्यान, क्रीडा आणि सांस्कृतिक विभागासमोर दर वर्षी मोठा आकडा असतो. मग हा विभाग नक्की कोणासाठी आहे, असं तुम्ही विचारलं आहे.

मी अशा विभागात बरीच वर्षं काम केलं आहे. सुरुवातीला मैदानं आणि बागांच्या देखभालीत होते, नंतर शिबिरं, सभागृहांची आरक्षणं आणि कार्यक्रम या बाजूला आले. म्हणून आतून जे दिसतं ते सांगते.

तुमच्या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांचं मूळ एकच आहे. विभागाच्या वार्षिक अहवालात काय मोजलेलं असतं ते बघा: बागा किती, खेळणी किती बसवली, झाडं किती लावली, कार्यक्रम किती झाले. या सगळ्या वस्तू आणि घटना आहेत. माणसं त्यात कुठेच नाहीत. बाग रोज किती जण वापरतात, कुठल्या वयाचे, कुठल्या वेळी, आणि जवळ राहूनही कोण येत नाही, हे मोजणारा विभाग फारच विरळा. जे मोजलं जात नाही त्याची विचारणा होत नाही, आणि ज्याची विचारणा होत नाही त्याला पैसा आणि माणूस मिळत नाही. या विभागाची खरी सेवा असते ती उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून. फाटक वेळेवर उघडलं का, स्वच्छतागृहात पाणी आहे का, झोक्याची कडी झिजली आहे का, मैदानाची वेळ कोणाला मिळाली. तुमचा रागही तिथूनच आलेला आहे.

काही गोष्टी तुमच्या शहराच्या रचनेवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. काही ठिकाणी वाचनालयं आणि संग्रहालयं याच विभागाकडे असतात, काही ठिकाणी त्यांचं वेगळं मंडळ असतं. रस्त्याकडेची झाडं कधी उद्यान विभागाची, कधी रस्ते विभागाची. बागेतले दिवे बहुतेकदा विद्युत विभागाकडे आणि शाळांची मैदानं शिक्षण विभागाकडे. त्यामुळे तक्रार करण्याआधी जागा कोणाच्या मालकीची आणि देखभाल कोणाकडे, या दोन गोष्टी लेखी विचारून घ्या. कितीतरी चांगले अर्ज चुकीच्या टेबलावर पडून राहतात. लहान शहरात एकच अधिकारी तिन्ही कामं बघत असतो. त्याच्याकडून करायची अपेक्षा आणि शंभर माणसांच्या विभागाकडून करायची अपेक्षा सारखी असू शकत नाही.

आता बागेकडे वळते.

बाग नव्याने बांधायला जो पैसा लागतो तो भांडवली खर्चात येतो. ती बाग पुढे चालवायला लागणारा पैसा महसुली खर्चात. हे दोन वेगळे हिशोब आहेत आणि बहुतेक ठिकाणी एकाचा पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. भांडवली पैसा मिळवणं तुलनेने सोपं असतं: वरच्या सरकारची योजना असते, एखादा देणगीदार असतो, फलक लागतो, फोटो निघतो. माळी, रखवालदार, सुटे भाग, पाण्याचं बिल यांच्यासाठी मात्र कोणी फीत कापत नाही. वीस-पंचवीस वर्षांच्या आयुष्यात बाग राखायचा खर्च ती बांधण्याच्या खर्चाला सहज मागे टाकतो. म्हणून नवीन काम मंजूर होतानाच ‘हे चालवणार कोण, आणि त्याची तरतूद अंदाजपत्रकातल्या कुठल्या शीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या कुठल्या सदरात?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. तुमच्या बागेच्या वेळी तो बहुधा कोणी विचारला नसावा.

हे जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या बागेच्या बाबतीतही घडलं आहे. १९७०च्या दशकात न्यूयॉर्क शहर आर्थिक संकटात सापडलं, देखभालीला कात्री लागली आणि सेंट्रल पार्कची हिरवळ धुळीला मिळाली, इमारती आणि पूल मोडकळीला आले. १९८० साली नागरिकांच्या पुढाकारातून एक संवर्धन संस्था उभी राहिली आणि शहराबरोबर भागीदारीत तिने बाग पुन्हा उभी केली. त्यात देणग्यांचा मोठा वाटा होता, आणि तशा देणग्या सगळ्या शहरांना मिळत नाहीत. पण त्यांनी केलेला एक बदल कुठल्याही शहराला झेपेल असा आहे: बागेचे ४९ भाग पाडले आणि प्रत्येक भागाला एक ठरलेला माळी दिला. या तुकड्यात कचरा पडला, गवत सुकलं, बाक मोडलं तर कोणाला विचारायचं हे सगळ्यांना माहीत. देखभालीचं फिरतं पथक आठवड्यातून एकदा येऊन जातं तेव्हा ते गवत कापतं. ठरलेला माणूस रोज येतो तेव्हा त्याला बारकावे दिसतात. माझ्या अनुभवात बागेच्या तब्येतीवर सगळ्यात जास्त परिणाम करणारी ही एकच गोष्ट आहे.

खेळण्यांबद्दल थोडं तपशिलात सांगते, कारण तुमची पहिली तक्रार तीच आहे. युरोपात खेळाच्या साहित्यासाठी ईएन ११७६ हे मानक आहे. त्यात तपासणीचे तीन थर सांगितले आहेत: नियमित नजर टाकणं, म्हणजे काच, तुटलेला भाग, उखडलेली फरशी दिसते का ते पाहणं, एक ते तीन महिन्यांनी जोड, साखळ्या, बेअरिंग यांची झीज तपासणं, आणि वर्षातून एकदा पाया, गंज आणि एकूण मजबुती यांची पूर्ण तपासणी. तुमच्या देशात हे मानक लागू नसलं तरी हा क्रम कोणीही पाळू शकतो आणि त्यासाठी लागते ती फक्त एक नोंदवही. खेळाच्या जागी होणाऱ्या दुखापतींचं मुख्य कारण पडणं हे असतं, त्यामुळे खेळण्याइतकंच महत्त्व त्याच्या खालच्या जमिनीला आहे. वाळू असेल तर ती झोक्याखालून आणि घसरगुंडीच्या टोकापासून पायांनी सरकत जाते, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त हवी तिथूनच जाते. ती परत ओढून आणणं हे काही मिनिटांचं काम आहे, पण ते वारंवार करावं लागतं. तेवढं काम करणारा माणूस नसेल तर कितीही महागाचं खेळणं घेतलं तरी ते असुरक्षित.

आणि खरेदी. एखादा भाग तुटतो, तो पुरवठादाराकडे मिळत नाही, म्हणून सगळंच खेळणं दोरी बांधून बंद ठेवलं जातं. वर्षभरात बाग ओस पडण्याचं हे नेहमीचं कारण आहे. निविदेतच दहा वर्षं सुटे भाग पुरवण्याची अट आणि पहिल्या काही वर्षांच्या देखभालीची जबाबदारी घातलेली असली तर हा प्रश्न बराचसा सुटतो. तुमच्या बागेच्या कामाच्या आदेशात अशी अट होती का ते विचारा. होती, तर ठेकेदार अजूनही बांधील असू शकतो.

इथे विभागाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. पावसानंतर मैदान बंद ठेवलं की लोक चिडतात, कर्मचाऱ्यांना काम टाळायचं आहे असं म्हणतात. ओल्या मातीवर एक सामना झाला तरी माती दबते, तिच्यातली हवेची पोकळी जाते, पाणी मुरत नाही आणि गवताच्या मुळांना श्वास घेता येत नाही. एका संध्याकाळच्या खेळाची किंमत पुढचे काही महिने मोजावी लागते. तेव्हा मैदान बंद ठेवणं बरोबरच असतं. चूक होते ती फलक न लावण्यात. ‘माती ओली आहे, अमुक तारखेला पुन्हा तपासू’ एवढं लिहिलं तरी बहुतेक लोक समजून घेतात.

झाडांचंही तेच. किती लावली हा आकडा मागू नका, तीन वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी किती जगली तो मागा. नव्या झाडाला पहिली दोन-तीन वर्षं पाणी लागतं, आळं मोकळं राखावं लागतं आणि आधाराची दोरी किंवा जाळी वेळेवर सैल करून काढावी लागते. नाहीतर जी दोरी आधाराला बांधली तीच वाढत्या खोडाला आवळते.

स्वस्त आणि नेटकी देखभाल किती पुढे जाते याचा माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातला आहे. तिथे ५४१ रिकाम्या, पडीक भूखंडांवर संशोधकांनी प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे काही भूखंड निवडून तिथला कचरा काढला, जमीन सपाट केली, गवत आणि थोडी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं आणि नंतर नियमित गवत कापत राहिले. बाकीचे भूखंड तुलनेसाठी तसेच ठेवले. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गरीब वस्त्यांमध्ये सुधारलेल्या भूखंडांच्या आसपास बंदुकीच्या हिंसाचारात २९ टक्के घट दिसली. ना कारंजं, ना रंगीत दिवे. कोणीतरी या जागेची काळजी घेतं आहे हे लोकांना दिसत राहिलं.

पण समजा तुमची बाग दुरुस्त झाली. तरी ती भरेल का? भरेलच असं नाही. आणि या प्रश्नावर मला जास्त वेळ घालवायचा आहे.

बागेत गेल्यावर आपण तिथे असलेली माणसं पाहतो. या क्षेत्रात काम करताना मला लागलेली सवय उलटी आहे: तिथे कोण नाही ते पाहायचं. १९९०च्या दशकात ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात असंच लक्षात आलं की साधारण नऊ वर्षांनंतर मुली बागांमधून दिसेनाशा होतात, मुलगे मात्र येत राहतात. मुलींना खेळात रस नसतो, असं सोपं उत्तर तेव्हाही उपलब्ध होतं. शहराने ते स्वीकारलं नाही. पाहणीत दिसलं की मोकळी जागा एकसंध असली की मोठ्या मुलांचा एक गट ती व्यापून टाकतो आणि मुली जागेसाठी भांडण्याऐवजी निघून जातात. १९९९ साली तिथे दोन बागांची रचना बदलली: जास्त पायवाटा, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनची सोय, आणि एका मोठ्या मोकळ्या जागेचे लहान-लहान भाग. मुली परत आल्या, आणि वेगवेगळे गट शेजारी-शेजारी खेळू लागले. कोणाला हाकलावं लागलं नाही.

ज्येष्ठांची गोष्ट याहून गंभीर आहे. अमेरिकेतल्या २५ शहरांमधल्या १७४ वस्तीबागांची पाहणी झाली होती. तिथल्या लोकसंख्येत साठीच्या पुढचे लोक सुमारे २० टक्के, पण बागेत दिसणाऱ्यांमध्ये फक्त ४ टक्के. ज्यांच्याकडे वेळ आहे आणि ज्यांना चालण्याची सगळ्यात जास्त गरज आहे, तेच बागेत नाहीत. याच पाहणीतून असंही दिसलं की चालण्यासाठी सलग वळसा घेणारी वाट असलेल्या बागांमध्ये एकूण वापर सुमारे ८० टक्के जास्त होता. अशी वाट बांधायला व्यायामाच्या यंत्रांइतका गाजावाजा होत नाही, म्हणून ती मागे पडते. माझा अनुभव विचाराल तर वाटेइतकीच महत्त्वाची आहेत पाठ आणि हात असलेली बाकं, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला सपाट कट्ट्यावरून उठता येत नाही. आणि स्वच्छतागृह. ते बंद असेल तर ज्येष्ठ, गरोदर बायका, लहान मुलं घेऊन आलेले पालक, मधुमेही, सगळे अर्ध्या तासात घरी परततात किंवा मुळात येतच नाहीत. एखाद्या विभागाकडे एकाच कामापुरते पैसे असतील, तर मी नवीन खेळणं घेण्याआधी चालू, स्वच्छ आणि उजेडातलं स्वच्छतागृह मागेन.

तिसरा गट किशोरवयीन मुलांचा. त्यांच्यासाठी बहुतेक बागांमध्ये असतात ते फक्त मनाईचे फलक: चेंडू खेळू नये, सायकल आणू नये, मोठ्याने बोलू नये. मग ती मुलं लहानांच्या झोक्यावर बसतात आणि सगळ्यांच्या तक्रारी येतात. त्यांना बसायला आडोशाची, पण दिसती जागा आणि एक बास्केट लावलेला खांब दिला की निम्म्या तक्रारी आपोआप थांबतात. हे मी पुन्हा पुन्हा होताना पाहिलं आहे.

बाग भरण्यात सगळ्यात मोठा वाटा माणसांचा असतो. वर सांगितलेल्या अमेरिकेतल्या पाहणीत, देखरेखीखाली चालणारा एखादा जास्तीचा उपक्रम असलेल्या बागेत वापर सुमारे ४८ टक्क्यांनी जास्त आढळला. यात थोडी सावधगिरी हवी, कारण गजबजलेल्या बागेलाच उपक्रम मिळण्याची शक्यताही जास्त असते. तरी मला तो आकडा पटतो. रोज ठरलेल्या वेळी एक प्रशिक्षक येतो हे कळलं की ज्यांना एकट्याने यायची भीती किंवा संकोच वाटतो ती माणसं येतात, आणि ती आली की त्यांच्यामागून आणखी येतात. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७४पासून ‘सिक्लोव्हिया’ चालते. दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शंभरहून जास्त किलोमीटर रस्ते गाड्यांसाठी बंद करून चालणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्यांना दिले जातात. जोडीला मोफत व्यायामवर्ग असतात. यासाठी नवं काहीच बांधलं नाही. रस्ते होतेच. अडथळे लावणारी, वाहतूक वळवणारी आणि वर्ग घेणारी माणसं लागली, आणि दर आठवड्याला न चुकता ते करण्याची शिस्त.

आता शिबिराकडे येते. ‘जो आधी येईल त्याला’ हा नियम दिसायला निष्पक्ष आहे, म्हणून सगळे विभाग तो वापरतात. प्रत्यक्षात तो वेगवान इंटरनेट, मोकळी सकाळ आणि आधीची माहिती असलेल्यांना फायदा देतो. जो पालक त्या वेळी कामावर असतो, ज्याच्या फोनवर संकेतस्थळ उघडत नाही, ज्याला तारीखच दुसऱ्या दिवशी कळते, त्याच्या मुलाला दरवर्षी जागा मिळत नाही. आणि तरीही अहवालात शिबिर ‘१०० टक्के भरलं’ असं यश म्हणून नोंदवलं जातं.

यावर उपाय आहेत, आणि त्यांना फार खर्च येत नाही. अर्ज आठवडाभर खुले ठेवायचे, कोणी कधी केला याला महत्त्व द्यायचं नाही, मग सोडत काढायची. भावंडांचा एकच अर्ज धरायचा, नाहीतर एकाला जागा आणि एकाला नाही असं होऊन दोघंही येत नाहीत. शिबिर ज्या वस्तीत भरतं तिथल्या मुलांसाठी काही जागा राखायच्या. प्रतीक्षायादी खरोखर हलवायची, कारण मोफत किंवा जवळजवळ मोफत कार्यक्रमाला नाव नोंदवून न येणारे बरेच असतात आणि त्यांच्या जागा रिकाम्या राहतात. लहानशी परत मिळणारी अनामत ठेवली, किंवा दोन दिवस गैरहजर राहिल्यास जागा पुढच्याला असा नियम केला, तर हे बरंच आटोक्यात येतं. शुल्कमाफीसाठी उत्पन्नाचे दाखले मागू नयेत असं माझं ठाम मत आहे. पालकाने स्वतः लिहून दिलं तेवढं पुरे. दाखले गोळा करण्यात एक दिवसाचा रोजगार बुडतो, आणि खिडकीपाशी चारचौघांत आपली परिस्थिती सांगावी लागते. ज्यांना माफी हवी तेच मग अर्ज करत नाहीत. खोटं लिहून देणारे थोडेफार निघतील. त्यांनी वाचवलेल्या पैशापेक्षा गरजू मुलांची हुकलेली सुट्टी मला जास्त महाग वाटते.

जागा वाढवता येत नाहीत असं विभाग सांगेल, आणि ते कधीकधी खरं असतं. खोली असते, मैदान असतं, प्रशिक्षक नसतात. पोहण्याच्या तलावाचं तर हमखास असंच होतं: पुरेसे जीवरक्षक नसतील तर तलावात पाणी असूनही तो बंद ठेवावाच लागतो, त्यात तडजोड नको. पण मग प्रश्न असा विचारायचा की प्रशिक्षक आणि जीवरक्षकांची भरती सुट्टीच्या किती आधी सुरू होते, त्यांना मोबदला किती महिन्यांनी मिळतो, आणि मागच्या वर्षीचे किती परत आले. मोबदला उशिरा देणाऱ्या विभागाकडे चांगला प्रशिक्षक दुसऱ्यांदा येत नाही.

तुमच्या नाट्यगटाचा प्रश्न आरक्षणाचा आहे आणि त्यात एक जुनी खोच आहे. बहुतेक सभागृहांमध्ये मागच्या वर्षी ज्याच्याकडे तारीख होती त्याला ती यंदाही आधी दिली जाते. मैदानांवर जुन्या क्लबांच्या वेळा अशाच वर्षानुवर्षं चालत येतात. त्या संस्थांनी काम केलेलं असतं, त्यांना स्थैर्य हवं हेही योग्य आहे. पण शहर बदलतं, नवे गट येतात, नवे खेळ येतात, आणि वाटप मात्र जुन्याच माणसांकडे राहतं. त्यात तारखा अडवून ठेवण्याची सवय असते: पाच तारखा घ्यायच्या, दोन वापरायच्या, बाकीच्या आदल्या दिवशी सोडायच्या. बाहेरून सभागृह ‘भरलेलं’ दिसतं, आत दिवे बंद असतात.

म्हणून सभागृह मिळत नाही एवढीच तक्रार करू नका. मागच्या सहा महिन्यांत आरक्षित तारखांपैकी प्रत्यक्ष किती वापरल्या गेल्या, ते विचारा. त्या आकड्याला उत्तर देणं टाळता येत नाही. त्यापुढे मागायचं ते असं: न वापरलेल्या तारखेवर दंड, काही तारखा दर हंगामात नव्या गटांसाठी मोकळ्या, आणि सगळ्यांना दिसेल असं आरक्षणाचं कॅलेंडर. शिवाय तालमीला मोठं सभागृह लागतच नाही. संध्याकाळी रिकामी असलेली शाळेची खोली किंवा क्रीडासंकुलातली व्यायामाची खोली चालते. दोन विभागांमध्ये वापराचा करार आणि कुलूप उघडायला माणूस, एवढं लागतं. हे घडवून आणणं माझ्या कामातला सगळ्यात समाधानाचा भाग होता, कारण त्यातून जे गट उभे राहिले ते टिकले.

सांस्कृतिक बाजूबद्दल एक मत स्पष्टच मांडते. मोठ्या महोत्सवाचा उपयोग आहे. ज्यांनी कधी नाट्यगृहात पाऊल टाकलं नाही अशी माणसं तिथे उघड्यावर, तिकिटाशिवाय चांगलं काही पाहतात. पण सांस्कृतिक तरतुदीतला बहुतेक पैसा वर्षातल्या दोन-तीन दिवसांवर खर्च होत असेल, तर उरलेल्या वर्षाचं काय? तालमीची जागा, लहान गटांना छोटं अनुदान, वस्तीत शिकवणारा तबलजी किंवा नृत्यशिक्षक, यांवर झालेला खर्च रोज वापरात असतो. दोन्हींचं प्रमाण तुमच्या शहरात काय आहे ते अंदाजपत्रकातून काढता येतं.

हा विभाग आणखी एक काम करतो जे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. बाग पाणी मुरवते, उन्हाचा ताप कमी करते, संकटात क्रीडासंकुल निवाऱ्याला उघडतं. जुलै २०११मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि शहर तुंबलं. त्यानंतर तिथली एंगहावे बाग अशी बदलली की ती सुमारे २२,६०० घनमीटर पाणी साठवून धरू शकते, आणि एरवी तिथे लोक फिरतात, खेळतात. तुमच्या भागात पाणी तुंबत असेल तर बागेच्या मागणीला हा मुद्दा जोडा. पैसा वेगळ्या शीर्षातून मिळू शकतो.

आता तुम्ही प्रत्यक्ष काय करावं. शेजारच्या दोघा-तिघांना घेऊन कामाच्या एका दिवशी आणि सुट्टीच्या एका दिवशी, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, बागेत माणसं मोजा. लहान मुलं, किशोर, प्रौढ, ज्येष्ठ, बायका किती, पुरुष किती, एवढंच. सोबत मोडलेल्या गोष्टींचे फोटो तारखेसह. त्यानंतर जे येत नाहीत त्यांच्यापैकी काहींना घरी जाऊन कारण विचारा. नुसता सह्यांचा अर्ज विभागात रोज येतो. अशी मोजणी क्वचितच येते, आणि अंदाजपत्रकाच्या बैठकीत तुमच्या बाजूने बोलू पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ती हातात धरायला मिळते. आत असे अधिकारी असतात, त्यांना बळ हवं असतं. तुमच्याकडे नागरिकांना अंदाजपत्रकात कामं सुचवता येत असतील, तर ती वाट वापरा. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ साली ही पद्धत सुरू केल्यानंतर ती जगभर पसरली. फक्त सूचना ‘बाग सुधारा’ अशी नको. ‘या बागेसाठी ठरलेला माळी आणि स्वच्छतागृहासाठी वर्षभराची तरतूद’ अशी हवी.

बाग दत्तक घ्या असं विभाग सुचवू शकतो. त्यात उडी घेण्याआधी विचार करा. रहिवाशांनी चालवलेल्या बागा छान राखल्या जातात, पण हळूहळू फाटकाची किल्ली काही जणांकडे जाते आणि पलीकडच्या वस्तीतली मुलं ‘बाहेरची’ ठरतात. करार लेखी हवा, वेळा विभागाने ठरवलेल्या हव्यात, आणि प्रवेश सगळ्यांना.

क्रम म्हणाल तर सभागृहापासून सुरुवात करा, कारण त्याला पैसा लागत नाही, फक्त नियम बदलावा लागतो. बागेच्या दुरुस्तीसाठी आधी कामाचा आदेश आणि ठेकेदाराच्या अटी मागवा. शिबिराच्या सोडतीची मागणी सुट्टीच्या किमान चार-पाच महिने आधी द्या, त्यानंतर जाहिरात निघालेली असते. माळी आणि स्वच्छतागृहाच्या तरतुदीची मागणी अंदाजपत्रकाचा मसुदा विभागातून वर जाण्याआधी पोचली पाहिजे. ती तारीख प्रत्येक शहरात वेगळी असते, विभागाच्या लेखापालाला विचारा, तो सांगतो. आरक्षित आणि वापरलेल्या तारखांचा आकडा हाती आला की इथेच लिहा. त्यावरून पुढचा अर्ज कसा लिहायचा ते बघू.